परीक्षेविना नागरिक

१९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमे चर्चेला आली, तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडाचे एक प्रतिनिधी, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, यांनी मसुद्यावर घेतलेला आक्षेप मोठा तिखट होता. हे कलम असेच मंजूर झाले, तर भारताचे नागरिकत्व पृथ्वीतलावर सर्वांत स्वस्त ठरेल, आणि प्रवासात घटकाभर या भूमीवर उतरलेल्या परदेशी दांपत्याचे अपत्यदेखील केवळ येथे जन्मले म्हणून आपला देशबंधू होऊन बसेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यावर त्यांनी सुचविलेला उपाय मात्र असा होता की, जगात कोठेही राहणाऱ्या, पण अन्य देशाचे नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला व शिखाला भारताचे नागरिकत्व मिळावे. सभागृहाने तो मान्य केला नाही. किंमत वाढवायची तर ती कोणत्या नाण्यात वाढवायची, जन्माच्या, धर्माच्या, मालमत्तेच्या की विद्येच्या, हा प्रश्न मात्र त्या दिवसाबरोबर संपला नाही. आश्चर्य याचे वाटते की, ज्या सभेत बॅरिस्टर, प्राध्यापक आणि पंडित यांची एवढी दाटी होती, त्या सभेने सिद्ध केलेल्या घटनेच्या पाचव्यापासून अकराव्या कलमापर्यंत कोठेही असे म्हटलेले नाही की, नागरिक होण्यासाठी मनुष्याला देशाचा इतिहास ठाऊक असावा, किंवा राज्यकारभाराची घडण सांगता यावी.

प्रस्तुत लेखाचा विषय हीच वगळलेली परीक्षा आहे. तिचा विचार मुंबई-दिल्लीच्या अंगाने पुष्कळ करता येईल. परंतु तो वरोऱ्याच्या अंगाने, म्हणजे जेथून चांदा-गडचिरोलीच्या अरण्याकडे वाट वळते त्या तालुक्याच्या गावातून, करावा असे आम्हांस वाटले. कारण माणसाला नागरिक म्हणवून घेण्यास अपात्र ठरविण्याचे जितके प्रकार मानवी बुद्धीला सुचले, त्यांतील बहुतेक या दोन जिल्ह्यांत प्रत्यक्ष अमलात येऊन गेले. आणि ते निरर्थक कसे ठरले, हेही येथेच पाहावयास मिळते.

*

प्रथम परक्या मुलखाकडे पाहू. कारण तिकडे ही परीक्षा रोजच्या व्यवहारातील गोष्ट आहे, आणि पुण्या-नागपुरातून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिचा परिचय आहे. अमेरिकेने १९५० च्या एका कायद्याने नव्या नागरिकास देशाच्या इतिहासाचे व राज्यपद्धतीचे ज्ञान असणे आवश्यक ठरविले. पुढे पुष्कळ वर्षे शंभर प्रश्नांची एक जाहीर यादी असे, तीतील दहापर्यंत प्रश्न अधिकाऱ्याने तोंडी विचारावेत आणि सहांची उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण व्हावा, अशी रीत होती. २०२५ च्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली, विचारावयाचे प्रश्न वीस आणि बरोबर यावयाची उत्तरे बारा झाली. ब्रिटनमध्ये चोवीस प्रश्न असतात, त्यांपैकी अठरा जमावे लागतात. जर्मनीने २००८ पासून तेहतीस प्रश्नांची परीक्षा सुरू केली. तीत सतरा उत्तरे पुरेशी होतात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये हाच मार्ग धरला. मुलाकडे राहावयास गेलेले आणि तेथेच रुळलेले वृद्ध आईवडील जेवणाच्या टेबलाशी बसून, घटनेला दुरुस्त्या किती आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, याची घोकंपट्टी करतात, आणि नातवंडे त्यांची तोंडी घेतात. पन्नाशी उलटलेल्या व वीस वर्षे तेथे कायम वास्तव्य केलेल्या माणसाला इंग्रजीची अट माफ असल्यामुळे ही उत्तरे दुभाष्यामार्फत मराठीतूनही देता येतात, ही तेथील कायद्याची सौम्य बाजू नमूद केली पाहिजे. मात्र तो उत्तीर्ण होऊन शपथ घेतो त्याच क्षणी, आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वये, त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

या परीक्षांची थट्टा करण्याचे कारण नाही. अर्जदाराने नव्या देशाची तोंडओळख करून घ्यावी, ही अपेक्षा वावगी म्हणता येत नाही, आणि जाहीर यादीतून प्रश्न येत असल्याने अधिकाऱ्याच्या लहरीला फारसा वाव उरत नाही. परंतु परीक्षकाच्या हाती दार उघडण्या-मिटण्याची सत्ता असली म्हणजे परीक्षेचे काय होते, याचाही दाखला त्याच देशाने दिला आहे. तेथील दक्षिणेकडील संस्थानांत मतदाराची नोंद करण्यापूर्वी साक्षरतेची व घटनेच्या अर्थबोधाची परीक्षा घेत; कृष्णवर्णीय उमेदवाराला अवघड कलम समजावून सांगावयास लावायचे आणि गोऱ्याला सोपे, ही त्या परीक्षेची युक्ती होती. १९६५ च्या मताधिकार कायद्याने तिला पायबंद घातला. त्याआधी १९२३ मध्ये, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात चाकरी केलेल्या भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाला तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, ते ज्ञान अपुरे पडले म्हणून नव्हे; कायद्याला अभिप्रेत असलेला गोरा मनुष्य तो नव्हे, एवढ्याच कारणास्तव.

*

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत मतदाराची पात्रता प्रामुख्याने दफ्तरातल्या नोंदीवरून ठरे. जमीनमहसूल किती भरतो, आयकर भरतो काय, घराचे भाडे किती, यांवर मताचा हक्क अवलंबून असे. १९३५ च्या कायद्याने तो पुष्कळ विस्तारला, शिक्षणाची पात्रताही त्यात दाखल झाली, तरी सुमारे साडेतीन कोटी लोकांपलीकडे तो गेला नाही. हक्क विस्तारू नये असे म्हणणाऱ्यांचा ठरीव युक्तिवाद निरक्षरतेचा होता. ज्याला अक्षर कळत नाही त्याला राज्य काय कळणार, असा तो प्रश्न. त्याला सर्वांत निःसंदिग्ध उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या काळात दिले. मुंबई इलाख्याच्या समितीत ते सदस्य होते. समितीशी न जुळल्यामुळे १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतंत्र अहवाल सादर केला, आणि त्यात साक्षरतेची कसोटी लावू पाहणाऱ्यांचे दोन भ्रम दाखविले: निरक्षर मनुष्य अडाणीच असतो हा एक, आणि अक्षरओळख झाली की शहाणपण आपोआप येते हा दुसरा. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या उंबरठ्यावर अडविले, त्यालाच पुढे शाळेचा दाखला मागायचा, यातील अन्याय त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला जाणवला असणार?

घटनेच्या ३२६ व्या कलमाने हा वाद निकालात काढला. प्रौढ मताधिकाराच्या पायावर मतदारयाद्या तयार करण्याचे काम तर घटना संमत होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, हाती घेतले गेले होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा यादीत सतरा कोटींहून अधिक नावे होती, आणि देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते. अक्षर न कळणाऱ्यासाठी निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या खात्याने प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेविली आणि तिच्यावर चिन्ह चिकटविले. मतदाराला वाचता येत नाही, ही त्याची अपात्रता न मानता सरकारच्या कामातील एक अडचण मानली गेली आणि तिची व्यवस्था लावली गेली. तथापि हेही सांगितले पाहिजे की, स्वतःचे नाव सांगावयास तयार नसलेल्या, अमक्याची बायको किंवा अमक्याची आई एवढीच ओळख दिलेल्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया त्या यादीतून गळाल्या. परीक्षा नव्हती, तरी एक उत्तर द्यावे लागत होते.

*

वरोरा हे गाव तसे जुन्या नागरी संस्कारांचे. इंग्रजी अमदानीत येथे कोळशाची खाण निघाली, तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडी आली, आणि नगरपालिका तर १८६७ सालची. त्या नगरपालिकेचे उपाध्यक्षपद ज्या तरुण वकिलाने भूषविले, त्याने सफाई कामगारांची बाजू घेतली, आणि त्यांचे काम बोलण्याने समजत नाही हे ध्यानी येताच मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. हे वकील म्हणजे हिंगणघाटचे मुरलीधर देवीदास आमटे, उपाख्य बाबा. पुढची कथा महाराष्ट्राला परिचित आहे: पावसात गटाराकाठी पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम, त्याला पाहून वाटलेली भीती, त्या भीतीची वाटलेली लाज, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ, जेव्हा सरकारने दिलेली पन्नास एकर खडकाळ जमीन, साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रुग्ण एवढाच संसार होता.

आमच्या विषयाशी तिचा संबंध असा की, ज्या १९५१ मध्ये हे सहाजण आनंदवनात आले, त्याच साली देशभर मतदारयादी सिद्ध होत होती, आणि घटनेप्रमाणे त्या यादीत येण्यास कुष्ठरोगाची कोणतीही आडकाठी नव्हती. दुसरीकडे १८९८ चा कुष्ठरोगी कायदा जिवंत होता. भीक मागणाऱ्या किंवा उदरनिर्वाहाचे उघड साधन नसलेल्या कुष्ठरोग्याला वॉरंटावाचून पकडावे व आश्रमात कोंडावे, असा अधिकार तो पोलिसांना देत असे. म्हणजे जो इसम खासदार निवडण्यास पात्र, तोच रस्त्यावर दिसला तर अटकेसही पात्र. हा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत निरनिराळ्या विवाहकायद्यांत नांदत होते. आणि ज्या २००८ च्या फेब्रुवारीत बाबांनी आनंदवनात देह ठेवला, त्याच साली सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातील एका प्रकरणात, कुष्ठरोग्याला नगरपालिकेच्या पदास अपात्र ठरविणारी तरतूद वैध ठरविली. कायदेमंडळाने नव्या वैद्यकीय ज्ञानाच्या प्रकाशात तिचा फेरविचार करावा, असे सुचविले तेवढेच. ही शरीराची परीक्षा होती, आणि औषधाने बरा झालेला मनुष्यही तीत नापास होत असे.

आनंदवनाने या अपात्रतेशी वाद घालण्यात काळ दवडला नाही. विहिरी खणल्या, धान्य पिकविले, आणि ज्या वरोऱ्याने त्यांच्याकडे पाठ फिरविली होती त्या वरोऱ्याच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारले. बोटे झडलेल्या हातांनी रचलेल्या भिंतींमध्ये तालुक्यातली धडधाकट मुले शिकली. नागरिकाच्या कर्तव्यांचे कलम घटनेत १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आले. येथे त्याचे आचरण पाव शतक आधी सुरू होते.

*

वरोऱ्याहून पूर्वेकडे, वैनगंगा ओलांडून गेले की दुसऱ्या प्रकारच्या अपात्रतेचा मुलूख लागतो. १९३५ च्या कायद्याखाली जे प्रदेश ‘अंशतः वर्जित’ म्हणून जाहीर झाले, त्यांत तत्कालीन चांदा जिल्ह्यातील सिरोंचा तहशिलीतली अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहशिलीतल्या धानोरा, दुधमाळा, रांगी, खुटगाव, मुरूमगाव, कोटगल इत्यादी जमीनदाऱ्या होत्या. प्रांतिक विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरच्या जाहीर हुकमावाचून तेथे लागू होत नसे. कारण तेथील गोंड-माडिया प्रजा नव्या राज्यव्यवहारास अद्याप अपक्व आहे, असे गृहीत होते. हे गृहीत रक्षणाच्या हेतूने धरले होते की तुच्छतेच्या, याची चर्चा विद्वानांनी केली आहे. दोन्ही हेतू त्यात मिसळले होते असे आम्हांस वाटते, आणि स्वतंत्र भारताने पाचव्या अनुसूचीत त्यांतील रक्षणाचा अंश तेवढा पत्करला.

येथेच, सत्तर वर्षांनी, इतिहासाची एक खरीखुरी परीक्षा सुरू झाली. २००६ चा वनहक्क कायदा वनातील माणसाला जमिनीचा व जंगलाचा हक्क नव्याने देत नाही, जुना मान्य करतो. आणि जुना म्हणजे किती जुना, हे अर्जदाराने दाखवायचे. अनुसूचित जमातीच्या मनुष्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा सांगावा लागतो. जो जमातीचा नाही, त्याला त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, जावे लागते. हिशेब १९३० च्या डिसेंबरशी जाऊन थांबतो. त्याच वर्षी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदच्या रानात गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता. त्या साली आपला आजा कोणत्या बांधीत राबत होता, हे आज विळा हाती असलेल्या शेतकऱ्याने कोणत्या कागदाने दाखवावे?

नियम करणाऱ्यांना ही अडचण समजली होती, ही समाधानाची गोष्ट. २००८ च्या पहिल्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या नियमांचा तेरावा नियम काढून पाहावा. त्यात जनगणना, गॅझेटियर, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या योजना, न्यायालयांचे हुकूम हे पुरावे तर आहेतच. पण घर, झोपडी, विहीर, बांध, स्मशान, देवस्थान ही जागेवरची चिन्हे पुरावा आहेत, जुन्या जमाबंदीत नोंदलेल्या पूर्वजापर्यंत पोहोचणारी वंशावळ पुरावा आहे, आणि अर्जदाराखेरीज गावातील वृद्धांची लेखी उतरून घेतलेली जबानीही पुरावा आहे. यांपैकी एकाहून अधिक पुरावे जोडले की दावा विचारात घ्यावा लागतो. कायद्याच्या तिसऱ्या कलमात ‘निस्तार’ हा आपल्या मध्यप्रांती दफ्तरातला शब्दही सन्मानाने आला आहे. मालगुजारीच्या काळी बंदोबस्ताच्या वेळेस गावचे रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहीत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, आणि कोणत्या गावाने कोणत्या रानातून सरपण, बांबू, चराई घ्यावी हे निस्तारपत्रकात नोंदले गेले. जी पत्रके तहशिलीच्या रेकॉर्डरूममध्ये धूळ खात पडली होती, त्यांच्या नकला काढण्यासाठी आता गावकरी अर्ज करू लागले.

या परीक्षेचे स्वरूप म्हणूनच निराळे आहे. ग्रामसभा आपल्यातून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. समिती वनखात्याला व महसूल खात्याला आगाऊ खबर देऊन मोक्यावर जाते. शेजारच्या गावांना बोलावून हद्द ठरविते. हा मामा तलाव कोणी बांधला, ही बोडी कोणाची, मोहाची झाडे कोणत्या घराकडे वहिवाटीने आली, पूर्वीच्या गावठाणातून लोक का उठले, साथीमुळे की वाघामुळे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेते. गावाचा गायता ज्या ठिकाणी वर्षाची पूजा बांधतो, त्या ठिकाणाची नोंद नकाशात होते. पंचनामा होतो, ग्रामसभा ठराव करते, आणि फाईल उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हा समितीकडे जाते. प्रश्न सरकारचा असला, तरी उत्तर सरकारच्या पुस्तकात छापलेले नसते. ते केवळ गावाला ठाऊक असते, आणि ते ऐकून सरकारला आपले दफ्तर दुरुस्त करून घ्यावे लागते. शालान्त परीक्षेतील इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेला बसणाऱ्या मुलाने आपल्या गावचे निस्तारपत्रक बहुधा पाहिलेले नसते. त्याच्या निरक्षर आजीच्या जबानीवर मात्र शेकडो हेक्टरांचा दावा उभा राहतो.

*

राज्यकारभाराचे ज्ञान अगोदर आणि अधिकार मागाहून, की अधिकार अगोदर आणि त्याच्या वापरातून ज्ञान, या जुन्या वादाचा निकाल पाहावयाचा असेल तर धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीकडे जावे. ही वस्ती त्याच एकेकाळच्या ‘अंशतः वर्जित’ टापूत येते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेला येथील प्रयोग १९८० च्या दशकातला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा. तिच्या उत्तरार्धाने वर्तमानपत्रांचे लक्ष वेधले. पण गावाने जे खरे कष्ट घेतले ते अभ्यास गटात घेतले. निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने करायचा, आणि तत्पूर्वी विषयाचा खल अभ्यास गटात करायचा, जेथे निर्णय घ्यावयाचा नसल्यामुळे कोणालाही मनमोकळे बोलता येते, बाहेरचा जाणकार बोलावता येतो, कायद्याचे पोट-कलम दोनदा वाचून घेता येते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते आपल्याच हाती ठेवू पाहत होते. तेव्हा बांबू हे कायद्याने गौण वनोपज आहे, हे कलम दाखवून गावाने हेका धरला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान केले. चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. हाती रोकड देणाऱ्या तेंदूपत्त्याची तोड तेथील ग्रामसभेने आपण होऊन थांबविली, कारण त्यापायी झाडे छाटली जातात आणि रानाला आगी लावल्या जातात.

या गावांत कोणी आधी चाचणी घेऊन पात्र ठरलेल्यांनाच अधिकार दिला असता, तर अभ्यासाला निमित्तच उरले नसते. ज्याच्या हाती काही ठरविण्याचे नाही, त्याने कलमे पाठ कशासाठी करावीत? मेंढ्याने २००६ चा कायदा शब्दाशब्दाने वाचला, कारण त्यातील एका शब्दावर त्याचा वर्षाचा बांबू अवलंबून होता.

*

भाषेच्या बाबतीत तर आपल्या कायद्याने नकळत एक विनोद करून ठेविला आहे. परदेशी मनुष्याला नैसर्गिकीकरणाने भारताचे नागरिक व्हावयाचे असेल, तर त्याला इतिहासाचा प्रश्न कोणी विचारीत नाही. मात्र ठराविक वर्षांचे वास्तव्य आणि सद्वर्तन यांबरोबर, घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान त्याला असावे लागते. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीखालील, २०२४ च्या मार्चमध्ये निघालेल्या नियमांतही असे प्रतिज्ञापन द्यावे लागते. आता गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी-मुलचेरा भागाकडे पाहा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती येथे आहेत. ज्या शेतांत एके काळी रान होते तेथे त्यांनी भात व मासे पिकविले. त्यांची बंगाली आठव्या अनुसूचीत आहे. त्यांच्या शेजारचा, ज्याच्या पूर्वजांनी चांद्याच्या किल्ल्यावरून राज्य केले तो गोंड, गोंडी बोलतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ती बोलणारे देशात एकोणतीस लाखांवर आहेत, आणि तरीही बावीस भाषांच्या त्या यादीत तिला स्थान नाही. म्हणजे केवळ गोंडी जाणणारी वृद्धा, जर दुर्दैवाने परदेशात जन्मली असती, तर ज्या मातीत तिच्या दहा पिढ्या मिसळल्या तेथील नागरिकत्वाला ती भाषेच्या कसोटीवर अपात्र ठरती. परीक्षा न घेण्यातील शहाणपण येथे पूर्णपणे पटते. आणि परीक्षेच्या कागदावर कोणाचे ज्ञान ज्ञान म्हणून गणले जाते, हे कोण ठरवितो, तेही उघड होते.

*

परंतु घटनाकर्त्यांनी पुढच्या दाराने घालवून दिलेली परीक्षा मागच्या दाराने परत येत आहे, हे दृष्टिआड करून चालणार नाही. राजस्थान व हरियाणा या राज्यांनी पंचायतीच्या उमेदवारांस शाळेची इयत्ता लावली. हरियाणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरमध्ये उचलून धरला, आणि बरेवाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणच देते, असा अभिप्राय त्या निकालात व्यक्त झाला. १९२९ च्या अहवालात आंबेडकरांनी दाखविलेला दुसरा भ्रम तो हाच. राजस्थानने २०१९ मध्ये आपली अट मागे घेतली. महाराष्ट्रात मात्र १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मनुष्याला ग्रामपंचायतीत निवडून यावयाचे तर सातवी उत्तीर्ण असावे लागते. आमदार व खासदार यांना अशी अट नाही! ज्या भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांतील मुलांच्या वाटेत पावसाळ्यात नदी आडवी येते, तेथे सातवीपूर्वी शाळा सुटली याचा दोष मुलाकडे किती आणि शाळा चालविणाऱ्याकडे किती, याची शहानिशा न करता शिक्षा मात्र मुलाला होते.

दुसरी परीक्षा कागदांची. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून उठविण्याचा हुकूम राज्यांना दिला. देशभरातले असे दावे दहा लाखांहून अधिक होते. गवगवा झाला, केंद्र सरकारने अर्ज केला, आणि २८ फेब्रुवारीस हुकूम तहकूब झाला. तेव्हा पुष्कळांच्या प्रथमच ध्यानी आले की, दावा फेटाळला गेल्याचे कित्येक अर्जदारांना कळविण्यातही आले नव्हते. एकच विशिष्ट कागद मागायचा, तो नसला की फाईल मिटायची, वृद्धांची जबानी बाजूला ठेवायची, हा दफ्तराचा जुना खाक्या तेराव्या नियमाला न जुमानता चालू राहिला होता.

त्यावरील उपाय नव्याने शोधावयाचा नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये या नियमांत ‘बारा-अ’ हा नियम घातला गेला आहे. अमुकच पुरावा आणा असा आग्रह उपविभागीय वा जिल्हा समितीने धरू नये. दावा नामंजूर करावयाचा तर कारणे तपशीलवार लेखी द्यावीत. ती अर्जदाराला समक्ष कळवावीत, म्हणजे त्याला साठ दिवसांच्या मुदतीत वरच्या समितीकडे दाद मागता येईल. आणि ग्रामसभेची शिफारस अपुरी वाटली तर ती परस्पर बदलू नये, पुन्हा ग्रामसभेकडेच पाठवावी, असे तो सांगतो. वरोऱ्याच्या उपविभागापासून अहेरीपर्यंत प्रत्येक कचेरीत हा नियम पोहोचलेला आहे. शाळांतून उद्देशिकेचे वाचन होते ते चांगलेच आहे, मुलांना चाळीस गुण मिळावेत हेही इष्ट. पण या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर राज्यशास्त्राचे अधिक उपयुक्त प्रश्न कचेरीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसणाऱ्याला विचारले पाहिजेत. तेरावा नियम किती पुरावे मानतो, निस्तारपत्रक रेकॉर्डरूमच्या कोणत्या रुमालात बांधलेले आहे, आणि समोरच्या माणसाचा अर्ज फेटाळण्याचे लेखी कारण काय, हे ते प्रश्न होत. पंजाबरावांना स्वस्त वाटलेल्या नागरिकत्वाची किंमत राज्यानेच अशी मोजावी, अशी योजना कायद्याने केलेली आहे. आता प्रत्येक ग्रामसभेने फेटाळलेल्या प्रत्येक दाव्यामागे ते लेखी कारण मागून घ्यावे, आणि मिळेपर्यंत मागत राहावे.